पॅसिव्ह रडारच्या नकाशावर फक्त शून्य डॉप्लरची पट्टी, विमान गायब: दोष कुठे आणि कसा शोधायचा

एफएम केंद्राच्या लहरींवर चालणारं, स्वतः काहीच प्रक्षेपित न करणारं पॅसिव्ह रडार मांडलं. एक अँटेना (रेफरन्स) टॉवरकडे वळवला, दुसरा (सर्व्हेलन्स) आकाशाच्या मोकळ्या बाजूला. विमान डोळ्यांना दिसतंय, आवाजही येतोय, पण रेंज-डॉप्लर नकाशावर (एका अक्षावर अंतर, दुसऱ्यावर वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक, म्हणजे डॉप्लर) शून्य डॉप्लरला एक जाड पिवळी पट्टी आणि बाकी सगळा निळा पसारा. किंवा सॉफ्टवेअर नव्याने सुरू केल्यावर थोडा वेळ ठिपका उमटतो आणि विरून जातो, तो पुन्हा रीस्टार्ट करेपर्यंत येत नाही. गेन वाढवून, अँटेना बदलून, कोड बदलूनही हेच चालू राहतं.

दोष जवळजवळ नेहमी एकाच कुळातला असतो: टॉवरकडून थेट येणारा सिग्नल सर्व्हेलन्स चॅनेलमधून पुरेसा वजा होत नाही. तो का होत नाही याची कारणं मात्र बरीच आहेत, आणि ती अंदाजाने एकेक करून बदलत बसलं तर महिना जातो. म्हणून आधी हिशेब, मग दोष यंत्रात आहे की हवेत हे ठरवणारी एक चाचणी, आणि त्यानंतर त्या त्या बाजूचे उपाय.

पुढचे आकडे एका ठरावीक मांडणीचे आहेत: क्रॅकेनएसडीआर (एकाच क्लॉकवर चालणारा पाच चॅनेलचा रिसीव्हर) किंवा सामायिक क्लॉकवरचे दोन आरटीएल-एसडीआर (यूएसबीत बसणारे स्वस्त रिसीव्हर, म्हणजे डोंगल) चॅनेल, सेकंदाला २४ लाख सॅम्पलं, केंद्र ९३.५ मेगाहर्ट्झ, फिल्टर लावून सेकंदाला २ लाख सॅम्पलांवर उतरवलेलं, आणि एका फ्रेमचा, म्हणजे एका नकाशासाठी घेतलेल्या रेकॉर्डिंगचा, काळ सुमारे १ सेकंद.

किती वजा व्हायला हवं

परावर्तन थेट सिग्नलच्या तुलनेत किती क्षीण असतं ते काढायला एक छोटं सूत्र पुरतं. विमानाचं रडार-क्षेत्रफळ गुणिले टॉवर-रिसीव्हर अंतराचा वर्ग, भागिले ४π, भागिले टॉवर-विमान अंतराचा वर्ग, भागिले विमान-रिसीव्हर अंतराचा वर्ग. प्रवासी विमानाला १०० चौरस मीटर धरा, टॉवर २० किमीवर, विमान टॉवरपासून २५ किमी आणि तुमच्यापासून १५ किमी. उत्तर येतं उणे ७६ डेसिबल.

आता कोरिलेशनची, म्हणजे दोन्ही चॅनेल एकमेकांवर सरकवून ताडून पाहण्याची, बाजू. एफएमची वापरण्याजोगी बँडविड्थ १०० किलोहर्ट्झ आणि फ्रेम १ सेकंदाची, तर गुणाकार १ लाख, म्हणजे ५० डेसिबल. थेट सिग्नलचं शिखर नकाशावर आपल्याखाली जो गाळ पसरवतं तो त्याच्यापेक्षा साधारण ५० डेसिबलच खाली असतो. परावर्तन ७६ खाली, म्हणजे ते त्या गाळाच्या २६ डेसिबल आत बुडालेलं. ठिपका ओळखू यायला तो गाळाच्या १२ डेसिबल तरी वर यायला हवा. म्हणून किमान ३८ डेसिबल वजाबाकी लागते, आणि सोयीने काम करायचं तर ५०. हा आकडा लिहून ठेवा. पुढे प्रत्येक मोजमापाची तुलना त्याच्याशीच करायची आहे.

सगळ्यात आधी बळीचा बकरा होतो तो आठ बिटांचा स्वस्त रिसीव्हर. हिशेब तसं सांगत नाही. आठ बिटांचा गोंगाट व्यवहारात पूर्ण पातळीच्या ४४ डेसिबल खाली धरला, आणि सेकंदाभरातल्या २४ लाख सॅम्पलांचा ६४ डेसिबल फायदा मिळवला, तर तळ १०८ डेसिबल खाली जातो. ७६ वरचं परावर्तन त्याच्या बरंच वर आहे. त्याच बँडमधल्या शेजारच्या केंद्रांनी पाच-दहा डेसिबल खाल्ले तरी उरतं. महागडा रिसीव्हर घेण्याआधी हे एकदा कागदावर मांडून पाहा.

हा त्रास नवाही नाही. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या ४९ मीटर पट्ट्यातल्या प्रक्षेपणावर हेफर्ड विमान पकडून दाखवलं, तेव्हाही थेट सिग्नल दाबण्यासाठी दोन अँटेनांची जुळणी उलट फेजमध्ये करावी लागली होती.

स्प्लिटर चाचणी

टॉवरकडे वळवलेल्या अँटेनाची केबल दोन-मार्गी स्प्लिटरला द्या आणि त्याची दोन्ही टोकं रेफरन्स आणि सर्व्हेलन्स चॅनेलला जोडा. केबल टीव्हीचा ५ ते १००० मेगाहर्ट्झचा ७५ ओहमचा स्प्लिटर चालतो. ५० ओहमशी न जुळल्याने थोडं नुकसान होतं, या चाचणीला त्याने फरक पडत नाही. दोन्ही जोडकेबली सारख्या लांबीच्या घ्या. मग नेहमीचा वजाबाकी फिल्टर (रेफरन्सच्या वेगवेगळ्या उशिरांच्या प्रती सर्व्हेलन्समधून वजा करणारा) चालवा आणि २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली सर्व्हेलन्स चॅनेलची शक्ती फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजा.

दोन्ही चॅनेलना एकच सिग्नल मिळतोय, त्यामुळे वजाबाकीनंतर फक्त रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट उरायला हवा. ४५ डेसिबल किंवा जास्त फरक आला तर यंत्र, क्लॉक आणि फिल्टरचं गणित ठीक आहे. दोष अँटेनात, जागेत किंवा केंद्राच्या कार्यक्रमात शोधा. २५ ते ४० आला तर चॅनेल जुळलेले आहेत पण काहीतरी त्यांना किंचित हलवतंय. २० च्या खाली आला तर चॅनेल मुळात जुळलेच नाहीत, आणि अँटेना कितीही फिरवला तरी विमान दिसणार नाही.

स्प्लिटरलाच नापास

पहिला संशयित: दोन वेगवेगळे डोंगल, प्रत्येकाचा स्वतःचा क्रिस्टल. त्यांच्यात दहा लाखांत एका भागाचा फरक असला तरी ९३.५ मेगाहर्ट्झवर ९३.५ हर्ट्झचा डॉप्लर तयार होतो आणि सेकंदाला २.४ सॅम्पलं सरकतात. खूण सोपी आहे: उजळ पट्टी शून्यावर नसते, बाजूला सरकलेली आणि फासलेली असते. सॉफ्टवेअरने दुरुस्ती करण्याच्या नादी लागू नका. दोन्ही डोंगलना २८.८ मेगाहर्ट्झचा एकच क्लॉक द्या, किंवा मुळात जुळलेला रिसीव्हर वापरा. क्लॉक एक झाला तरी प्रत्येक डोंगल यूएसबीवरून वेगळ्या क्षणी सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला हजारो सॅम्पलांचा फरक असू शकतो. तो दोन्ही चॅनेलना एकच गोंगाट देणारा नॉइज सोर्स लावून कोरिलेशनने मोजायचा आणि काढायचा.

दुसरा संशयित: गळणारी सॅम्पलं. 'रीस्टार्टनंतर थोडा वेळ चालतं, मग बंद' या तक्रारीचं नेहमीचं कारण हेच. पाच चॅनेलचा रिसीव्हर सेकंदाला २४ मेगाबाइट ओततो. रास्पबेरी पाय (हा छोटा संगणक) तापून ८० अंश सेल्सियसला पोचला की वेग उतरवतो, बफर भरतो, एका चॅनेलची काही सॅम्पलं हरवतात, आणि तिथून पुढे दोन्ही चॅनेल कायमचे सरकलेले राहतात. मे महिन्यात गच्चीवर पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं यंत्र सकाळी अकरालाच ही पातळी गाठतं. पंखा लावा, डबा सावलीत न्या, यूएसबीची केबल छोटी आणि जाड घ्या, पुरवठा ५ व्होल्ट २.४ अँपिअरच्या खाली नको. शिवाय दर फ्रेमला शिखर कुठल्या सॅम्पलवर आहे त्याची नोंद फाइलमध्ये लिहा. तो आकडा मध्येच उडी मारत असेल तर पुन्हा कॅलिब्रेशन आपोआप सुरू होईल अशी अट घाला.

ऑटो गेन चालू असेल तर बंद करा. फ्रेमच्या मध्यात गेन बदलला की शून्य डॉप्लरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी पिसारा फुटतो. ट्यूनरची वारंवारता ठरवणाऱ्या पीएलएल सर्किटमधलं डिथरिंग, म्हणजे मुद्दाम घातलेली बारीक थरथर, हेही बंद हवं. ते चालू असताना दोन चॅनेलमधली फेज थरथरत राहते आणि वजाबाकी तीसेक डेसिबलला अडकते.

गेन किती ठेवायचा? बहुतेक जण फार जास्त ठेवतात. टॉवर १० किमीच्या आत असेल तर रेफरन्सला १५.७ डेसिबल आणि सर्व्हेलन्सला २८ पासून सुरुवात करा. आठ बिटांच्या टोकांवर, म्हणजे ० आणि २५५ वर, आदळणाऱ्या सॅम्पलांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली हवं. आणखी एक तपासणी: जिथे केंद्र नाही अशा रिकाम्या वारंवारतेवर पातळी पाहा आणि गेन एक पायरी वाढवा. गेन ३ डेसिबल वाढला आणि तिथली पातळी ६ किंवा ९ ने वाढली, तर ते इंटरमॉड्युलेशन (केंद्रं रिसीव्हरमध्येच एकमेकांत मिसळून तयार झालेला खोटा सिग्नल) आहे, रिसीव्हर दबलाय. तिथे गेन कमी करणं किंवा अटेन्युएटर लावणं हाच इलाज. अँप्लिफायर जोडून हा दोष वाढतोच.

नकाशावर ±१०० हर्ट्झला उभ्या रेषा दिसत असतील तर त्या विजेच्या आहेत. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा, त्यामुळे अॅडॉप्टरचा रिपल अँप्लिफायरचा गेन सेकंदाला १०० वेळा हलवतो. जवळची ट्यूबलाइटही त्याच वेगाने लहरी परावर्तित करते. एफएमवर वेगवान विमानाचा डॉप्लर नेमका याच भागात पडतो. सगळं पॉवर बँकेवर चालवून पाहा. रेषा गेल्या तर अॅडॉप्टर दोषी, राहिल्या तर दिवे.

शेवटचा मुद्दा लहान दिसतो, पण तो सर्वांत जास्त वेळ खातो. रेफरन्सची केबल सर्व्हेलन्सपेक्षा लांब असेल, तर थेट सिग्नल सर्व्हेलन्समध्ये आधी पोचतो. फिल्टर फक्त रेफरन्सच्या 'नंतरच्या' उशिरांवर काम करत असेल तर तो या आधी आलेल्या भागाला हात लावू शकत नाही. आरजी-५८ च्या १० मीटरला ५० नॅनोसेकंद लागतात, आणि २ लाखांच्या दराला एक सॅम्पल ५ मायक्रोसेकंदांचं. म्हणजे सरकणं सॅम्पलच्या एका टक्क्याचं. तरीही पूर्णांकात न बसणारा उशीर फिल्टरला दोन्ही बाजूंचे टॅप (फिल्टर वजा करतो तो एकेक उशीर) मागतो. सर्व्हेलन्सला मुद्दाम ३-४ सॅम्पलं उशीर द्या आणि नकाशाचं शून्य तेवढंच सरकवा. एवढ्यानेच वजाबाकी दहा-पंधरा डेसिबलने सुधारलेली दिसते.

स्प्लिटरला पास, हवेत नापास

आता अँटेना परत जागेवर लावा. पहिलं काम सर्व्हेलन्स अँटेनाचं: त्याला विमान दाखवण्यापेक्षा त्याच्यापासून टॉवर लपवणं महत्त्वाचं. ९३.५ मेगाहर्ट्झला अर्ध-तरंग डायपोल (मधून केबल जोडलेली साधी सरळ दांडी) १.५३ मीटरचा होतो. तो आडवा ठेवून त्याचं टोक टॉवरकडे करा, बाजू नाही. टोकाच्या दिशेने त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे १५ ते २० डेसिबल फुकट मिळतात. पण आजूबाजूच्या भिंतींवरूनही सिग्नल येतो, त्यामुळे हा खड्डा पुस्तकात असतो तितका खोल मिळत नाही. स्पेक्ट्रम बघत पाच-पाच अंशांनी फिरवा आणि केंद्राची पातळी सर्वांत कमी होईल तिथे आवळा. अपार्टमेंटच्या गच्चीवर जिन्याची खोली किंवा सिमेंटची टाकी आपल्या आणि टॉवरच्या मध्ये येईल अशी जागा मिळाली तर आणखी दहा डेसिबल सहज पदरात पडतात. दोन्ही अँटेना एकाच खांबावर समांतर लावू नका, एकमेकांत गळतात. पाचेक मीटरचं अंतर ठेवा.

रेफरन्स अँटेना तीन घटकांचा यागी (एकाच दिशेला रोखून ऐकणारा) असला तरी पुरतो, पण त्याला टॉवर सरळ दिसला पाहिजे. रेफरन्समध्येच इमारतींची परावर्तनं मिसळली असतील तर फिल्टरला वजा करायला खोटा नमुना मिळतो. सुदैवाने एफएमला यासाठी एक छान कसोटी आहे. एफएमचा आयाम स्थिर असतो. फक्त आपल्या केंद्राचा २०० किलोहर्ट्झचा पट्टा वेगळा करून आयामाचं प्रमाण विचलन भागिले सरासरी काढा. ५ टक्क्यांच्या आत आलं तर रेफरन्स स्वच्छ. १५-२० टक्क्यांच्या वर असेल तर अँटेना हलवा, उंच न्या, टॉवरकडे नीट रोखा. जागाच वाईट असेल तर स्थिर आयामाचा निकष वापरणारा इक्वलायझर रेफरन्सवर आधी चालवता येतो, पण हा दुसरा पर्याय. आधी पाइप आणि नटबोल्ट. पट्टा १५० किलोहर्ट्झपेक्षा अरुंद कापला तर स्वच्छ सिग्नलचाही आयाम डोलतो, म्हणून मोजताना फिल्टर रुंद ठेवा.

मग फिल्टरची लांबी. २ लाखांच्या दराला एक टॅप १.५ किमीचा. टॅप १० ठेवले तर १५ किमीपर्यंतचाच क्लटर (इमारती-डोंगरांसारख्या स्थिर वस्तूंची परावर्तनं) जातो. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्याला डोंगरांची परावर्तनं ३०-४० किमीच्या जादा अंतरावरही मिळतात. तिथे २७ ते ३२ टॅप लागतात. पट्टीकडे बघूनच हे कळतं: शून्य डॉप्लरची रेषा ठरावीक अंतरापर्यंत पुसली गेलेली आणि त्यापुढे पुन्हा उजळ असेल तर टॅप कमी पडले. रेषा सगळ्या अंतरांवर सारखीच उजळ, चढउतार नाही, तर तो क्लटर नव्हे. दोन्ही चॅनेलमधला डीसी (रिसीव्हरचाच स्थिर, शून्य वारंवारतेचा अंश) एकमेकांशी जुळतोय. ट्यूनिंग केंद्रापासून ३०० ते ४०० किलोहर्ट्झ बाजूला घ्या, डीसी वजा करा, मग आपला पट्टा मध्यावर आणा.

फिल्टरचं गणित २४ लाखांच्या दराला थेट चालवणाऱ्यांची वेगळीच अडचण होते. तिथे एक टॅप १२५ मीटरचा, ६० किमीला ४८० टॅप. नमुन्यांचा पूर्ण मॅट्रिक्स उभा केला तर एका सेकंदाला १८ गिगाबाइटच्या वर मेमरी लागते. मॅट्रिक्स उभाच करू नका, एफएफटीने ऑटोकोरिलेशन काढून ४८० बाय ४८० चा प्रश्न सोडवा. तरीही उत्तर विचित्र येईल, कारण सिग्नल १०० किलोहर्ट्झचा आणि दर २४ लाखांचा. शेजारची सॅम्पलं जवळजवळ सारखीच, मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर, म्हणजे एकच उत्तर ठरत नाही असा. एक सॅम्पल १२५ मीटरचं असो की १०, एफएममधून ३ किमीपेक्षा बारीक काही मिळत नाही, त्यामुळे आधी दर उतरवणं हेच शहाणपण. त्याशिवाय कर्णावर सरासरीच्या दहा कोटीव्या हिश्श्याएवढी भर घाला आणि गणित दुहेरी अचूकतेत चालवा. भर जास्त घातली, हजाराव्या हिश्श्याएवढी वगैरे, तर वजाबाकी तिथेच थबकते.

फिल्टर विमानच खातो तेव्हा

वजाबाकी ५० डेसिबल येतेय, पट्टी स्वच्छ पुसली गेलीय, तरी विमान नाही. अशा वेळी फिल्टर जास्तच चपळ असतो. एनएलएमएस (प्रत्येक सॅम्पलला स्वतःला थोडं सुधारत जाणारा फिल्टर) वापरत असाल तर पायरीचा, म्हणजे एका वेळी किती सुधारायचं याचा, आकडा पाहा. ३२ टॅप आणि पायरी ०.१ असेल तर फिल्टर साधारण ३२० सॅम्पलांत, म्हणजे १.६ मिलिसेकंदांत, स्वतःला बदलतो. इतका चपळ फिल्टर शून्याच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झपर्यंतचं सगळं 'क्लटर' समजून खातो. ९३.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३.२ मीटर, म्हणून सेकंदाला ७० मीटरने उतरणाऱ्या विमानाचा डॉप्लर जास्तीत जास्त ४४ हर्ट्झ आणि २५० मीटरने उडणाऱ्याचा १५६. उतरणारं विमान पूर्ण गेलं. पायरी ०.००१ वर आणा. खड्डा एखाद-दोन हर्ट्झचा होतो.

एका फ्रेमचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर वेगळा फिल्टर चालवणाऱ्या पद्धतीतही तेच. १ सेकंदाचे १० तुकडे केले तर शून्याच्या दोन्ही बाजूंना १० हर्ट्झ गेले. वाऱ्यावर डोलणाऱ्या झाडांसाठी दोन-तीन तुकडे पुरेत, किंवा रेफरन्सच्या ±१ हर्ट्झ सरकवलेल्या प्रती फिल्टरमध्ये जोडा.

हे खरंच घडतंय का ते विमानाची वाट न बघता तपासता येतं. रेकॉर्ड केलेल्या सर्व्हेलन्समध्ये रेफरन्सची एक प्रत मिसळा: १३ सॅम्पल उशीर, ६० हर्ट्झ डॉप्लर, पातळी थेट सिग्नलच्या ५० डेसिबल खाली. ती दिसली की ६० खाली, मग ७०. जिथे ठिपका गायब होतो तो तुमच्या यंत्रणेचा खरा तळ. एकदा ही प्रत फिल्टरच्या आधी मिसळा, एकदा नंतर. नंतर मिसळली तर दिसते आणि आधी मिसळली तर दिसत नाही, म्हणजे फिल्टर खातोय. कुठेच दिसत नसेल तर कोरिलेशनच्या कोडमध्ये चूक आहे. बहुधा कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवणं) चुकीच्या चॅनेलला लागलेला असतो आणि ठिपका उणे ६० ला किंवा नकाशाबाहेर जातो.

केंद्रावर काय चाललंय

एफएमची बँडविड्थ कार्यक्रमावर अवलंबून असते, आणि हे ऐकून माहीत असलेलेही विसरतात. ढोल-ताशाच्या गाण्याला १०० किलोहर्ट्झ सहज मिळतात, म्हणजे ३ किमीची रेंज-फोड (याहून जवळचे ठिपके वेगळे दिसत नाहीत). बातम्या सुरू झाल्या की शब्दांमधल्या प्रत्येक विरामात बँडविड्थ कोसळते आणि ठिपका दहा-पंधरा किमी लांब ओघळतो. पूर्ण शांततेत उरतो वाहक आणि १९ किलोहर्ट्झचा स्टिरिओ पायलट. मग नकाशावर दर १५.८ किमीला खोटी शिखरं उभी राहतात. तासाच्या ठोक्याला रडार बंद पडतं अशी तक्रार असेल तर आधी रेडिओ लावून ऐका.

प्रत्येक फ्रेमची परिणामी बँडविड्थ मोजून ४० किलोहर्ट्झच्या खालच्या फ्रेम टाकून द्या. याहून चांगला उपाय आपल्याकडे अनायासे उपलब्ध आहे. खासगी केंद्रं ८०० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, मुंबईत ९२.७, ९३.५ आणि ९४.३. मधल्याच्या जरासं बाजूला ट्यूनिंग ठेवलं तर २.४ मेगाहर्ट्झच्या एकाच रेकॉर्डिंगमध्ये तिन्ही येतात, आणि एकावर निवेदक बोलत असताना दुसऱ्यावर गाणं चालू असतं. तिघांचे वेगळे नकाशे काढा आणि त्यांची शक्ती बेरजेत घ्या. बेरजेआधी डॉप्लरचा अक्ष हर्ट्झऐवजी मीटर प्रति सेकंदात बदला, कारण ९२.७ ला १५६ हर्ट्झ असलेलं विमान ९४.३ ला पावणेतीन हर्ट्झ पुढे दिसतं. तिन्ही केंद्रं एकाच टॉवरवर आहेत का याची खात्री करा. सामायिक टॉवरची पद्धत रूढ आहे, पण टॉवर वेगळे असतील तर ही बेरीज विमान पुसून टाकेल.

नकाशावर आहे, पण डोळ्यांना दिसत नाही

हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. रंगांची पट्टी नकाशाच्या कमाल मूल्यावरून आपोआप ठरत असेल तर उरलेला क्लटर सगळे रंग घेऊन बसतो. तळ मध्यकाच्या ५ डेसिबल वर आणि माथा २५ वर बांधून टाका. डॉप्लरच्या दिशेने हॅन विंडो (फ्रेमच्या कडा हळूहळू शून्यावर नेणारी) लावा. न लावल्यास उरलेल्या पट्टीचे पंख फक्त १३ डेसिबल खाली राहून शेजार व्यापतात, लावल्यावर ३१ खाली जातात.

अंतराचा अक्षही फसवतो. तो विमानाचं अंतर दाखवत नाही. टॉवर-विमान अधिक विमान-रिसीव्हर, वजा टॉवर-रिसीव्हर. वरच्या उदाहरणात विमान १५ किमीवर असूनही ठिपका २५ अधिक १५ वजा २०, म्हणजे २० किमीला येईल. आणि फ्रेम चार-पाच सेकंदांची करून संवेदनशीलता वाढवायचा मोह टाळा. वळणाऱ्या किंवा जवळून जाणाऱ्या विमानाचा डॉप्लर सेकंदाला अर्धा-पाऊण हर्ट्झ सरकतो. १ सेकंदाच्या फ्रेममध्ये तो एका घरात मावतो, ४ सेकंदांच्या फ्रेममध्ये दहा घरांत पसरतो.

खात्रीसाठी वेगळा एक डोंगल १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बी (विमानं स्वतःच प्रसारित करतात ती स्थान-वेगाची माहिती) ऐकायला ठेवा. त्यातून मिळालेल्या स्थानावरून आणि वेगावरून प्रत्येक विमानाचं अपेक्षित अंतर आणि डॉप्लर काढा आणि नकाशावर पोकळ वर्तुळं काढा. वर्तुळात ठिपका नाही तर संवेदनशीलतेचा प्रश्न. ठिपका सतत सारख्याच अंतराने बाजूला असेल तर टॉवरचे अक्षांश-रेखांश किंवा शून्य-सॅम्पल चुकलंय. आरशासारखा उलट्या डॉप्लरला असेल तर चिन्ह. विमान टॉवर आणि तुम्ही यांना जोडणाऱ्या रेषेजवळ आलं की डॉप्लर शून्याकडे जातो आणि ठिपका पट्टीत शिरतो. तो दोष नाही, भूमिती आहे. मुंबईत पूर्वेकडून, घाटकोपरवरून, उतरणारी विमानं पाहायची तर त्यांचा मार्ग या रेषेला ओलांडणार नाही अशी गच्ची किंवा असं केंद्र निवडावं लागतं.

एफएम सोडून दुसरा सिग्नल

स्प्लिटर चाचणी, टॅपांचा हिशेब आणि मिसळलेली प्रत सगळीकडे तशीच चालते. बदलतात ते आकडे. दूरदर्शनच्या डीव्हीबी-टी२ चा पट्टा ८ मेगाहर्ट्झचा, त्यातले २.४ घेतले तरी रेंज-घर १२५ मीटरचं. कार्यक्रम कुठलाही असो, बँडविड्थ कायम. मात्र सेकंदाला २५० मीटरने जाणारं विमान एका सेकंदात चार घरं ओलांडतं, म्हणून फ्रेम ०.२ सेकंदावर आणा, आणि पुन्हा पुन्हा येणारे पायलट खोटी शिखरं उभी करतात त्यांच्या जागा आधी काढून ठेवा. ४जीचा टॉवर रिकामा असतानाही संदर्भ सिग्नल सतत पाठवतो. ५जीचा टॉवर रिकामा असताना बहुधा दर २० मिलिसेकंदांनी एक छोटा पुंजका पाठवतो, आणि तेवढ्यावर फक्त ±२५ हर्ट्झ निःसंदिग्ध मिळतात. रात्री नकाशा बिघडतो आणि दिवसा सुधारतो त्याचं कारण हे. वायफायवर घरातल्या माणसाची हालचाल पकडायची असेल तर राउटरचा बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदाच येतो, आणि ५.२ गिगाहर्ट्झला सेकंदाला १ मीटर चालणाऱ्या माणसाचा डॉप्लर ३५ हर्ट्झपर्यंत जातो. बीकनवर विसंबू नका. एखाद्या जोडलेल्या यंत्राला सेकंदाला २०० ते ५०० पिंग चालू ठेवा आणि मग रेकॉर्ड करा.